लेन्स कोणती घ्यावी? अनगोळ व पंचक्रोशी आवृत्ती

मिररलेस कॅमेऱ्याची लेन्स कशी निवडावी याविषयी आजवर जे मार्गदर्शन झालं, ते टोकियोत बसून झालं, नाही तर मुंबईत बसून. बेळगावच्या अनगोळची गरज कुणी विचारातच घेतली नाही. ज्या गावाच्या एका अंगाला उद्यमबागेतले लेथ फिरतात, दुसऱ्या अंगाला भाताचं शिवार आहे आणि जुलैत दोरीवर टाकलेला टॉवेल वाळायचं नाव घेत नाही, त्या गावाला स्वतंत्र मार्गदर्शिका हवी. ही ती. इच्छुकांनी ती बॉडी घेण्याआधी वाचावी. बॉडी घेऊन झाली असेल तर वाचून उपयोग नाही, पण वाचावी.

या मार्गदर्शिकेत ‘मामा’ हा शब्द पारिभाषिक अर्थानं वापरला आहे. मामा म्हणजे गल्लीतला असा इसम, ज्याच्याकडं सगळ्यांत जास्त लेन्सा आणि सगळ्यांत कमी फोटो असतात. वडगावात असा एक आहे, शहापुरात एक आहे, निपाणीत म्हणे दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. अनगोळचे मामा उद्यमबागेत दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून असतात, त्यामुळं मोजमापाचा नाद त्यांना घरी आल्यावरही सुटत नाही. लेन्स निवडीची पहिली पायरी म्हणजे मामांना न विचारणं. ती आजवर कुणालाच चढता आलेली नाही.

“मामा, बहिणीच्या हळदीचे फोटो काढायचे आहेत. कुठली लेन्स घेऊ?”

“आधी माऊंट ठरीव की बे.”

“हळद परवा आहे, मामा.”

“मग सेन्सर तरी कुठला घेणार, ते सांग.”

हळद होते, लग्न होतं, बारसंही होतं. माऊंट ठरायचा राहतो.

तरी माऊंटविषयी मामांचं म्हणणं खोटं नाही. माऊंट ही सोयरीक आहे. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलता येते, लेन्सा मात्र घरात राहतात आणि सणावाराला पुढं येतात. निकॉननं १९५९ साली एफ माऊंट आणला आणि साठेक वर्षं तोच निभावला. कॅननचं घराणं वेगळं. त्यांनी १९८७ मध्ये जुना एफडी माऊंट सोडून ईएफ आणला आणि एफडीच्या लेन्सा जमवलेल्यांना मांडवात तसंच बसवून ठेवलं. २०१८ मध्ये या दोन्ही घराण्यांनी पुन्हा नव्यानं पाट लावला, झेड आणि आरएफ. सोनीचा ई माऊंट २०१० चा. त्याची मोजमापं कंपनीनं २०११ मध्ये इतरांना खुली केली, म्हणून तिथं सिग्मा, टॅमरॉन अशा पाहुण्यांची गर्दी आहे आणि वापरलेल्या मालातही निवडीला वाव आहे. कॅननच्या आरएफनं या पाहुण्यांच्या ऑटोफोकस लेन्सांना बराच काळ दाराबाहेर ठेवलं. २०२४ मध्ये काही आत आल्या, त्याही आधी लहान सेन्सरसाठीच्या.

तेव्हा सोयरीक जुळवताना बॉडीच्या रूपावर न जाता त्या माऊंटच्या लेन्सांची यादी बघावी. आणि त्याच्याही आधी ओळखीत कुणाकडं तोच माऊंट आहे ते बघावं, कारण मग लेन्स उसनी मिळते. मामांकडं सोनी असेल तर सोनी. हा निकष कुठल्याही तांत्रिक तक्त्यात सापडणार नाही, पण अनगोळात आजवर सगळ्यांत उपयोगी पडला आहे तो हाच.

अडॅप्टरचा विषय उद्यमबागेत जपून काढावा. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची. निकॉन एफमध्ये माऊंटपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे, झेडमध्ये १६. राहिलेल्या ३०.५ मिलिमीटरचं एक पोकळ कडं मध्ये बसवलं की जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. त्या कड्यात काच नसते, काहीच नसतं, हवा असते. हे एकदा कळलं की लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांत जी चमक येते ती घरखर्चाच्या दृष्टीनं धोक्याची असते. मामांनी हेलिऑस ४४-२ ही सोव्हिएत बनावटीची ५८ मिलिमीटरची लेन्स मिळवली. तिच्या मागच्या पसाऱ्याला गरगरीत भोवरा येतो, त्याची जगभर हौस आहे. मग तिच्यासाठी ॲल्युमिनियमच्या राऊंड बारमधून त्यांनी स्वतः कडं काढलं. एका बाजूला ४२ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर पिचचे आटे, लांबी २७.४६. कडं शतांश मिलिमीटरांतही लांब झालं तर दूरच्या डोंगरावर फोकस लागत नाही. म्हणून स्वस्त अडॅप्टरवाले ते मुद्दाम जरा आखूड ठेवतात, म्हणजे फोकसची रिंग अनंताच्या थोडी पुढं जाते आणि गिऱ्हाईक गप्प राहतं. मामांना ही लबाडी वाटते. त्यांचं कडं तंतोतंत आहे.

या वेडाला घराणं आहे, हे मान्य करायला हवं. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, कोल्हापुरात, बाबुराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. तो १९१८ मध्ये तयार झाला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. मामांचं कडं तयार होऊन त्याहून जास्त काळ लोटला. पुढचं त्यांना विचारू नये.

सेन्सरचा आकार. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. या विषयावर अनगोळात जुनी मैत्री तुटलेली आहे. इच्छुकानं एपीएस-सी घ्यावी आणि पुढच्या परिच्छेदाकडं जावं.

फोकल लेंग्थ ठरवताना टेप घेऊन घराचा सोपा मोजावा. हे विनोदानं म्हटलेलं नाही. फुल फ्रेमवर कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायचा, म्हणजे चौकटीत दोन मीटर मावायला हवेत. त्यासाठी ८५ मिलिमीटरच्या लेन्सनं पावणेपाच मीटर मागं जावं लागतं. ५० नं पावणेतीन-तीन, ३५ नं दोनच्या आसपास. एपीएस-सीवर ही अंतरं दीडपट करावीत. जुन्या अनगोळातल्या सोप्यात ८५ लावून नवरीला भिंतीपाशी उभं केलं तर छायाचित्रकार उंबरा ओलांडून, कट्टा उतरून, गटारीच्या पलीकडं पोचतो आणि मध्ये शेजारच्यांची स्कूटर येते. हळद सोप्यात लागते, बारसं सोप्यात होतं, मुलगा बघायला आलेले पाहुणे सोप्यातच बसतात. तरीही नवा इच्छुक पहिली लेन्स घेतो ती ८५, कारण मागचा भाग धूसर येतो. मागचा भाग म्हणजे शेजारचे काका. त्यांनी आहेर आणलेला असतो आणि त्यांना फोटोत दिसायचं असतं.

तेव्हा फुल फ्रेमला ३५, एपीएस-सीला २३ किंवा २४, मायक्रो फोर थर्ड्सला १७. एफ १.८ किंवा २ पुरे. अनगोळचं निम्मं आयुष्य एवढ्यात मावतं.

मोठ्या तोंडाच्या लेन्सविषयीही बोलून टाकलं पाहिजे. सोनीची ८५ एफ १.८ वजनाला ३७१ ग्रॅम, तर एफ १.४ ची जुनी जी मास्टर ८२० ग्रॅम. उजेडातला फरक दोन तृतीयांश स्टॉपचा. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो जास्त वजन उचलून आयएसओ ३२०० च्या जागी २००० वर काम भागतं. दीड मीटरवरून १.४ नं चेहरा घेतला तर स्पष्ट दिसणारी पट्टी कशीबशी अडीच सेंटिमीटरची मिळते. डोळ्यावर फोकस धरला की डोळा सुरीसारखा धारदार येतो आणि नथ पुसट. ती नथ मामेआजीची असते, लॉकरमधून फक्त त्या दिवसापुरती काढलेली असते, आणि अल्बम आल्यावर घरातल्या बायका पहिलं तेच म्हणतात, “नथ दिसंनाच की रे.” लग्नात अॅपर्चर २.८ किंवा ४ वर ठेवावं. घेतलेल्या १.४ चं काय करायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मिरवणूक हा बेळगावचा खरा परीक्षेचा पेपर. इथली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि त्यानंतरची चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. गल्ल्या अरुंद, रथ उंच, उजेड मिनिटामिनिटाला बदलणारा. इथं ३५ च्या पुढं काही लागत नाही, २४ असेल तर बरंच. सायलेंट शटर बंद ठेवावं, नाही तर एलईडीच्या झगमगाटात फोटोवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, आणि वेग १/१०० किंवा १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. डीजेचा लेसर लेन्सवर आला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते. मिररलेसमध्ये दृश्य बघत असताना सेन्सर सतत उघडाच असतो, आडवा यायला आरसा नसतो. लेसर दिसला की कॅमेरा खाली. डोळेही खाली. गुलालात किंवा यात्रेच्या भंडाऱ्यात लेन्स बदलू नये. एक लावून यावं आणि तीच लावून घरी जावं.

मामांविषयी इतकं वाकडं लिहून झाल्यावर हेही लिहिलंच पाहिजे, की मिरवणुकीत ते वेगळेच असतात. त्या रात्री चार लेन्सांची बॅग घरी राहते. कुठल्या दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की रथ वळताना समोरून दिसतो, हे त्यांना पाठ आहे. पायरी स्वतः घेत नाहीत, गल्लीतल्या एखाद्या पोराला तिथं उभं करतात. “इथनं हलू नको. रथ वळला की मावळ्याच्या तोंडावर उजेड येतोय बघ, तवा दाब.” पोरगं दाबतं. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर असतो आणि खाली नाव पोराचं असतं.

आता लांब लेन्स. मामांकडं २००-६०० आहे, २११५ ग्रॅम. ती दांडेलीच्या धनेशासाठी घेतली. मामा दांडेलीला गेले तेव्हा धनेश नव्हता. तेव्हापासून ती अनगोळच्या शिवारातल्या बगळ्यांवर चालते, आणि बगळ्यांना तिचं काही वाटत नाही. मामा, ती विका की. त्या पैशात ९० किंवा १०० ची मॅक्रो येईल आणि पावसाळ्यात आंबोलीला जाता येईल. दोन तासांचा रस्ता, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, आणि आंबोली टोड नावाचा एक छोटा भेक, ज्याची स्वतंत्र जात म्हणून शास्त्रात नोंद झाली २००९ साली. तो धनेशासारखा उडून जात नाही. फक्त त्याच्या पातळीवर, चिखलात आडवं व्हावं लागतं, आणि त्याला मामांची कंबर तयार नाही. हेच खरं कारण असणार.

आंबोलीवरून आल्यावर, आणि आंबोलीला न जातासुद्धा, बुरशीचा प्रश्न उरतोच. जून ते सप्टेंबर या काळात बेळगावात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर जे पांढरं येतं, तेच लेन्सच्या आतल्या काचेवरही येतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. वेळेत साफ केलं नाही तर काचेवरचं कोटिंग खातं. लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नये, त्यात ओल टिकते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला घरातून मिळेल, आणि तांदूळ आपल्याच शिवारातला बासमती असल्यानं तो मायेनं दिलेला असेल. ऐकू नये. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगांत जाते आणि ओल काही निघत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहावा. ३० च्या खाली गेला तर आतलं ग्रीस सुकतं अशी जाणत्यांची तक्रार असते. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर परतून पुन्हा निळं करावं, पण त्यासाठी स्वतंत्र तवा घ्यावा, भाकरीचा नको. ज्यांच्याकडं तीनपेक्षा जास्त लेन्सा आहेत त्यांनी विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्यावं. आणि लेन्स वापरावी. उजेडात, हवेत फिरणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. ती धरते मामांच्या लेन्सांना.

किरकोळ बाबी. बॅटऱ्या दोन, शक्य तर तीन: २००८ चा कॅननचा ५डी मार्क टू एका चार्जमध्ये ८५० फोटोंचा दाखला द्यायचा, २०१३ चा सोनीचा पहिला ए७ सुमारे ३४० चा. नवे बरे आहेत, तरी बॅटरी संपते ती अक्षता पडतानाच. ट्रायपॉड हलका घेऊ नये. कार्ड ओळखीच्या दुकानातूनच. पावसात कॅमेऱ्यावर हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप घालावी.

वापरलेली लेन्स घ्यायची तर कोल्हापूर बघावं, नाही तर मुंबईचा बोरा बाजार. जाताना टॉर्च न्यावा. लेन्सच्या मागून उजेड टाकून पुढून बघावं. धुळीचे ठिपके चालतात, जाळी चालत नाही. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. माऊंटवर बसवून हलवून पाहावी, खुळखुळता कामा नये. विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघावेत. नव्या मालाचं पक्कं बिल घ्यावं. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण जुन्या बिलाकडं बोट दाखवून वापरलेल्या लेन्सची किंमत वर ठेवणारे अजून भेटतात. बेळगावातच घ्यायची असेल तर ‘स्वल्प कडिमी माड्री’ एवढं कन्नड पुरतं. त्यापुढं दुकानदार स्वतःच मराठीत येतो आणि किंमत मराठीतही तीच असते.

मामांची २००-६०० विकायला निघाली आहे अशी बातमी गल्लीत अधूनमधून उठते. चौकशीला गेलेल्याला चहा मिळतो, मग फुल फ्रेमचा विषय निघतो, मग किंमत कळते. ती नव्या लेन्सच्या किमतीइतकी असते. विकत मागू नये, उसनी मागावी. बॅगेसकट देतात, मोनोपॉड आपणहून हातात ठेवतात. परत देताना मागचं झाकण लावलेलं असावं, एवढीच अट.