सर्जा सोडून बाकी सगळे

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या धंद्यात एक वचन फार चालतं: सर्व्हरला लाडाचं कुत्रं समजू नका, कळपातलं जनावर समजा. मायक्रोसॉफ्टच्या बिल बेकरनं ही उपमा दिली आणि २०१२ च्या सुमारास रँडी बायसनं ती जगभर नेली. कुत्र्याला नाव असतं, ते आजारी पडलं की माणसं रात्र जागतात. गुराला नंबर असतो, ते आजारी पडलं की गोळी घालायची आणि दुसरं आणायचं.

बेकर आणि बायस दोघेही लासूर स्टेशनच्या बैलबाजारात कधी आले नसावेत. आमच्याकडं कुत्रं सगळ्या गल्लीचं, त्याला नाव ठेवायच्या भानगडीत कुणी पडत नाही. नाव असतं बैलाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे मळतात आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी घरातल्या माणसांआधी त्याला मिळते. आमच्या अण्णांना मी हे वचन ऐकवलं. ते म्हणाले, "आजारी पडला म्हणून गोळी? मग जनावरांचा डॉक्टर सरकारनं कशाला ठेवला?"

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवायचं ठिगळ, हे मात्र त्यांना एका वाक्यात कळलं. २०२२ ला जनावरांत लंपी रोग आला, बाजार बंद पडले, तेव्हा गोठ्यातल्या एकाला लस टोचून भागत नव्हतं. आमचंही तेच. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच सोडतं. तिकडची सकाळ, इकडं झोपायची वेळ. २०१७ च्या १४ मार्चला आलेला पॅच ज्यांनी लावला नाही, त्यांना १२ मे रोजी खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस भेटला. लस जवळपास दोन महिने फ्रिजमध्ये होती म्हणा ना.

आता शेकडो सर्व्हरांना हातानं कोण टोचत बसणार? त्यासाठी मार्क बर्जेसनं १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन हे सॉफ्टवेअर लिहिलं, २००५ ला पपेट आलं, २०१२ ला अँसिबल. मुद्दा एकच: काय करायचं ते सांगू नका, शेवटी काय असायला हवं ते लिहून ठेवा. असेल तर यंत्र हात लावत नाही, नसेल तर करतं. दहादा सांगितलं तरी फरक एकदाच. हा गुण मला माणसांत आढळलेला नाही. पपेटचा सर्व्हरवर बसलेला एजंट दर अर्ध्या तासाला विचारपूस करतो. अँसिबलला एजंट लागत नाही, पण त्याच्या यॅमल फाइलीत ओळ एका स्पेसनं सरकली की तो अडून बसतो. तो अडलेला परवडला, कारण न अडता चुकीचं काम करणारे जास्त महाग पडतात.

अँसिबलला आधी इन्व्हेंटरी लागते, कळपाची यादी. सरकारनंही तीच केली आहे: बारा आकडी पिवळा बिल्ला, आणि जून २०२४ पासून तो कानात नसेल तर जनावराची खरेदी-विक्री नाही. बिल्ला आला म्हणून अण्णांनी बैलाचं नाव बदललं नाही. आमच्या कंपनीतही सगळे नंबरी सर्व्हर आहेत आणि एक बैलासारखा नावाचा, सर्जा, आहे. तो हिशेबाचा. तो कुणी उभा केला ते विचारायला त्या वेळचं कुणी उरलेलं नाही. त्याचा कर्नल पॅच केला की रीबूट हवा, आणि रीबूट म्हटलं की हिशेब खात्याच्या साहेबांना मार्चअखेर आठवते, मग महिना कोणताही असो. म्हणून प्लेबुकात, म्हणजे अँसिबलला दिलेल्या कामांच्या फाइलीत, लिहिलेलं असतं: सगळे, उद्गारचिन्ह, सर्जा. अँसिबलच्या भाषेत उद्गारचिन्हाचा अर्थ 'हा वगळून'. चिन्ह ज्यानं निवडलं त्यानं असले साहेब पाहिलेले असणार.

परवा साहेबांनी एकदाची परवानगी दिली, तीही पहाटेची. अँसिबलची एक गंमत आहे. काउसे नावाचा छोटा प्रोग्रॅम संगणकावर असला, तर प्रत्येक कामाचं नाव रेघा-अक्षरांनी काढलेली एक गाय बोलून दाखवते. सर्जाचा रीबूट सुरू होता, गाय स्क्रीनवर उभी होती, आणि वैरण टाकायला उठलेले अण्णा माझ्या मागं येऊन थांबले. चष्मा लावून त्यांनी ती शिंगापासून शेपटीपर्यंत पाहिली.

"विकायची का रे?"

"नाही, अण्णा."

"मग ठीक. कानात बिल्ला दिसत नाही, म्हणून विचारलं."