मा. आठशे तास साहेबांस

प्रति,
मा. आठशे तास साहेब,
मुक्काम परिशिष्ट, शिक्षण हक्क कायदा, 2009

साहेब,

आपण आमच्या घरी कधी पायधूळ झाडली नाहीत. तरी नालासोपाऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत आपला जेवढा धाक आहे तेवढा सासऱ्यांचाही नाही. मुलगी सात वर्षांची आहे, शाळेत जात नाही, घरीच शिकते. हे कळलं की जिन्यात पहिला प्रश्न येतो, "रोज किती तास बसवता?" तळमजल्यावरच्या काकू विचारतात, गणपतीला आलेले मामेसासरे विचारतात, परवा गिरणीवाल्यानं दळण मोजता मोजता विचारलं. मूल वाचतं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही. या सगळ्यांच्या तोंडून आपणच बोलता, हे मला उशिरा उमगलं. म्हणून हे पत्र थेट आपल्यालाच.

आपला जन्म आणि आमच्या वसई-विरार महापालिकेचा जन्म एकाच पावसाळ्यातला. ती 3 जुलै 2009 ची, आपल्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही 26 ऑगस्टची. तिनं शहर चालवायला घेतलं, पण प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं जिल्हा परिषदेच्याच गळ्यात राहिल्या. आपण तर त्याहून हुशार. कायद्याच्या पोटात, मागच्या परिशिष्टात, खेळाचं मैदान आणि मुला-मुलींची स्वच्छतागृहं यांच्या शेजारी जागा पटकावून बसलात. पहिली ते पाचवी, 200 दिवस, 800 तास. सहावी ते आठवी, 220 दिवस, 1000 तास. खाली आणखी एक ओळ आहे, शिक्षकानं तयारीसकट आठवड्याला 45 तास द्यावेत अशी. ती ओळ बिचारी कुणाला आठवत नाही. आपण मात्र घरोघरी पोचलात.

गंमत अशी, की ते परिशिष्ट शाळेसाठी आहे. कलम 19 म्हणतं, हे निकष पाळल्याशिवाय शाळेला मान्यता नाही. म्हणजे आपली नेमणूक शाळेची आणि पर्यायानं सरकारची मान धरायला झाली होती. गरिबाच्या पोराला वर्षातून एवढे तास तरी शिक्षक मिळालाच पाहिजे, एवढंच आपलं काम. आईबापांबद्दल बोलतं ते कलम 10. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं ते सांगतं. घातलं नाही तर दंड किती, ते सांगत नाही. त्या दोन कलमांमधल्या फटीत आम्ही राहतो. तिथं आपलं नाव कुठेही नाही. तरी आपण येऊन पाटावर बसलात, आणि ज्यांची मान धरायची त्यांच्याशी मात्र आपलं छान जमतं.

किती जमतं ते पाहा. निवडणूक आली की गुरुजी मतदार याद्या घेऊन इमारती चढतात. जनगणना आली की घरं मोजतात. कलम 27 नं निवडणूक, जनगणना आणि आपत्ती यांना मुभाच दिलेली आहे, आणि आपत्ती तर आमच्याकडे दर जुलैला वेळेवर हजर होते. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईत वीज गेली, शाळा बंद. त्या तासांची भरपाई मागायला आपण त्या पाण्यातून आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. आमच्या पालघर जिल्ह्यात दरवर्षी अनधिकृत शाळांची यादी निघते आणि तिच्यात आमच्या तालुक्याचं नाव ठळक असतं. गाळ्यात शाळा, वर लग्नाचा हॉल. त्या शाळांत घंटा मात्र अगदी वेळेवर होते, त्यामुळे आपली त्यांच्याबद्दल काही तक्रार नसावी.

आणि 2020? मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जुलैत सरकारनं वेळापत्रक काढलं: पहिली-दुसरीला अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं. दिवसाला एक तास. 200 दिवस धरले तरी 200 तास झाले, साहेब. बाकीचे सहाशे कुठे गेले? त्या वर्षी राज्यातलं प्रत्येक मूल घरीच शिकत होतं आणि सरकारनंच जाहीर करून टाकलं की सहा-सात वर्षांच्या पोराला दिवसाला तासभर पुरे. मी तेच म्हटलं तर काकू भुवया उंचावतात.

बरं, आपण रोजचे चार तास धरता ना? आठशेला दोनशेनं भागलं की चारच येतात. मुलीचे बाबा रोज विरार लोकलनं चर्चगेटला जाऊन येतात. स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग धरली तर तेही चार तासच. वर्षातून दोनशेहून जास्त दिवस जातात. आपल्या हिशेबानं ते दरवर्षी एक इयत्ता सहज पास होतात. इतक्या वर्षांत त्यांना दादरला डाव्या बाजूला उतरायचं की उजव्या, एवढं पक्कं पाठ झालंय.

आता दुसरा भागाकार. त्याच परिशिष्टात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. चार तास म्हणजे 240 मिनिटं. भागिले तीस. एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची आठ मिनिटं. त्यातून हजेरी, प्रार्थना, खिचडीची रांग आणि पोर्टलवरची माहिती वजा करायची. वर्गात मुलं एकमेकांकडून बरंच शिकतात, त्यामुळे हा हिशेब आडमुठा आहे, मान्य. पण आपल्याशी बोलायचं तर आडमुठेपणानंच बोलावं लागतं. आठ मिनिटं तर माझी सकाळच्या पहिल्या चहाआधी होतात. मग उरलेला दिवस मी काय करू, साहेब? सुट्टी देऊ?

तरी आपला धाक म्हणून मी वही घातली. लाल रेघांची, रकाने पाडलेली: तारीख, विषय, वेळ. दुसऱ्याच पानावर पंचाईत झाली. पाण्याचा टँकर आला. दहा हजार लिटर, आणि इमारतीत चाळीस घरं. मुलीनं जिन्यातच बोटांवर आणि मग खडूनं भिंतीवर भागाकार केला. अडीचशे आले. मग म्हणाली, पण चौथ्या मजल्यावरच्या आजी एकट्याच आहेत, त्यांना अडीचशे कशाला? यावर खाली बायकांची जी चर्चा रंगली ती गणितात धरायची की नागरिकशास्त्रात? सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो, ज्याला गावातले लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली. त्यानंतर पोरीनं तिथल्या मातीत काटकीनं स्वतःचं उत्खनन सुरू केलं ते संपेचना. इतिहास दोन मिनिटं लिहू, की दुपार लिहू? आणि "आई, अशोक राजा लोकलनं आला होता का?" हा प्रश्न रात्री अंथरुणात आला. आपल्या कार्यालयीन वेळेत तो बसत नाही.

तास मोजायला लागले आणि मूल बिघडायला लागलं, हेही ऐका. पुस्तकात नाक खुपसून बसलेली मुलगी मला विचारायला लागली, "हे वहीत धरणार आहेस का? नाहीतर मी खेळायला जाते." सात वर्षांच्या पोरीला मस्टरवर सही करणारा कामगार करून ठेवलंत. सध्या ती वही धोब्याच्या हिशेबाला आहे.

आपल्यालाही वाटत असेल, या बाईला शिस्त नको. तर विरारहून डहाणू लोकल पकडा आणि आपल्याच जिल्ह्यात जरा फिरून या. बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं शाळेत यायला तयार नव्हती. येणार कशी? दिवसभर गुरं राखायची, घरी धाकट्याला कडेवर घ्यायचं. या दोघींनी पोरांना शाळेच्या वेळेत कोंबलं नाही. शाळाच उचलून पाड्याच्या अंगणात नेली आणि पुढे गुरांच्या मागोमाग कुरणात. अंगणवाडी, कुरणशाळा. गुरं चरत राहिली आणि पोरं शिकत राहिली. तास किती झाला हे गुरांच्या पोटावर ठरायचं. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. आज त्याच कुरणातलं पोर आपल्या दप्तरी शाळाबाह्य ठरेल. 4 जुलै 2015 ला राज्यानं एका दिवसात शाळाबाह्य मुलं मोजायचा घाट घातला होता, मोजलेल्या पोरांच्या बोटाला शाई लावून. वीटभट्टीवरचं पोर आणि घरी आईजवळ शिकणारं पोर, दोघंही एकाच रकान्यात. पहिल्याला खरोखर आपली गरज होती. त्याच्या भट्टीवर आपण किती तास गेलात?

परदेशात आपले भाऊबंद आहेत, त्यांचीही चौकशी केली. अमेरिकेत मिसुरी राज्यात घरी शिकवणाऱ्यांना वर्षाला 1000 तास भरावे लागतात. त्यातले 600 वाचन, भाषा, गणित, समाज आणि विज्ञानाचे. त्या सहाशेतले 400 घरातल्या ठरलेल्या जागीच. म्हणजे तिथल्या आयांनी स्वयंपाकाचा ओटा आणि अंगण यांच्यात सरहद्द आखायची. निदान त्या भावाचं बरं आहे, कायद्यात उघड उभा असतो. आपल्यासारखा दुसऱ्याच्या परिशिष्टातून पालकांना धमकावत नाही.

मुंबईची मालविका जोशी तर आपल्याला आठवतच असेल. सातवीच्या सुमारास आईनं शाळेतून काढलं, ती घरी शिकली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं आणली. 2016 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीनं तिला घेतलं. आपल्याकडच्या आयआयटीत बारावीच्या दाखल्याशिवाय दार उघडत नव्हतं. सगळी पोरं मालविका होत नाहीत, माझीही होणार नाही, आणि मला ती करायचीही नाही. पण एमआयटीनं तिला "बाळ, तुझे एकूण तास किती भरले?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. आपल्याच राज्यात मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी आणि आठवीची परीक्षा घेतं. तिथंही वयाची अट आहे, आपली नाही.

आपल्या सरकारला अधूनमधून शहाणपण सुचतं, हेही नमूद करते. 8 फेब्रुवारी 2024 ला आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, पोरांची झोप होत नाही. लगेच ओरड झाली: दोन पाळ्यांची शाळा, एकच इमारत, त्याच बसेस, कसं जमवायचं? पोरांच्या झोपेपेक्षा बसची फेरी महत्त्वाची, हे त्यातून कळलं. आमच्याकडे साडेसातला कुणी उठवत नाही. आपल्या दृष्टीनं हीच मोठी बेशिस्त असावी.

तर आता कामाचं. मी माहिती अधिकारात अर्ज टाकते आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय. माहिती एवढीच हवी: आमच्या घराजवळच्या अनुदानित शाळेत गेल्या शैक्षणिक वर्षी पहिलीच्या वर्गाचे प्रत्यक्ष अध्यापनाचे तास किती झाले. प्रार्थना, निवडणूक, पाऊस आणि सर्वेक्षण वगळून. आकडा आठशे निघाला, तर मी वही पुन्हा काढीन, रकाने पाडीन आणि जिन्यात काकूंना रोज संध्याकाळी वाचून दाखवीन. कायद्यानं उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. दिवसच मोजा, त्यांचे तास करत बसू नका.

आपली,
परिशिष्टाबाहेरची एक आई
नालासोपारा (पश्चिम)