ज्येष्ठताक्रम

लग्नाच्या पंगतीत कोणाचे पान कोणाच्या शेजारी मांडावे, अक्षतीचे पहिले बोलावणे कोणत्या घरी जावे, आणि समूहछायाचित्राच्या वेळी खुर्चीवर कोणी बसावे व खुर्चीमागे कोणी उभे राहावे, या प्रश्नांचा निकाल आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एका अलिखित परंतु सरकारी राजपत्रालाही लाजवील इतक्या काटेकोर ज्येष्ठताक्रमाने लागत आला असल्यामुळे, हा क्रम सृष्टीच्या मूळ नियमांपैकीच एक असावा, अशी आमच्यातील वडीलधाऱ्यांची प्रांजळ समजूत होती. वय, नाते आणि मुलाकडचे की मुलीकडचे, या तीन कलमांवर आमचा सारा कौटुंबिक कारभार चाले आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय कोठेही नव्हती. ही सनद स्कॉटलंड देशी, बेन नेव्हिस नामक पर्वतावर, ऑगस्ट महिन्यातील एका दिवसात कशी खालसा झाली, त्याची ही कैफियत आहे.

पुण्यात आम्ही सारे एकमेकांपासून दोन-तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो आणि म्हणूनच क्वचित भेटतो. आमची खरी संमेलने भरतात ती परमुलखात. माझा पुतण्या ग्लासगो शहरी अभियंता आहे. माझे वडील चुलतबंधू, ज्यांना सारे घराणे दादा म्हणते, त्यांची कन्या एडिंबरोला नांदते आणि तिचे यजमान अस्सल स्कॉटिश आहेत. माझी धाकटी बहीण, जिला आम्ही भावंडेसुद्धा आता आत्याच म्हणतो, ती 'सोबत' या सदराखाली आमच्याबरोबर आलेली होती. कारण तिला स्वतःच्या नावाने कोठे जाण्याचा प्रसंग सहसा येत नसे. दादा महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झाले असले, तरी महसूल खाते त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही. व्हिसाच्या अर्जासोबतचे दस्तऐवज त्यांनी अनुक्रमांक घालून, सूची जोडून आणि प्रत्येक पृष्ठावर स्वाक्षरी करून अशा थाटात सिद्ध केले होते, की ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याने उठून उभे राहावे, एवढीच काय ती त्यांची अपेक्षा होती.

डोंगर चढण्याची तजवीज जावईबापूंनी मांडली. जावई हा आपल्याकडे दशमग्रह; त्याच्या सूचनेला नकार देण्याची छाती कोणाची? शिवाय त्यांनी तिला धर्मकृत्याचे रूप दिले. त्यांच्या देशात ३,००० फुटांहून उंच पर्वतांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली त्यांची यादी प्रसिद्ध केली, आजच्या गणनेप्रमाणे ती २८२ शिखरांची आहे, आणि ही सारी शिखरे एकामागून एक पादाक्रांत करण्यात तेथील असंख्य सुस्थितीतील माणसे आपली सुटी, गुडघे आणि क्वचित संसारही खर्ची घालतात. डोंगरांचा सातबारा तयार करणाऱ्या या मन्रोसाहेबांविषयी दादांना तत्काळ आपुलकी वाटली. पण १९०१ साली ही यादी प्रथम पुरी केली ती एका पाद्रीसाहेबांनी, आणि खुद्द मन्रो मात्र १९१९ साली निधन पावले तेव्हा त्यांची स्वतःची यादी अपुरीच राहिली होती, हे ऐकून दादा क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, "नोंद घेणारा निराळा, कब्जेदार निराळा. आमच्या खात्यात हे नेहमीच चालायचं."

मी तरुणपणी कळसूबाई चढलो असल्याने माझी वृत्ती प्रथमपासून काहीशी कृपाळू होती. कळसूबाई १,६४६ मीटर, बेन नेव्हिस १,३४५; म्हणजे अवघ्या ब्रिटनचे सर्वोच्च शिखर आमच्या अकोले तालुक्यातील एका शिखरापुढे ३०१ मीटरांनी ठेंगणे, ही गोष्ट मी आदल्या रात्री भोजनसमयी सर्वांच्या कानांवर घातली. जावईबापूंनी ती अत्यंत विनयाने मान्य केली आणि तितक्याच विनयाने असे सुचवले, की कळसूबाईच्या पायथ्याचे आमचे बारी गाव मुळातच उंचावर वसलेले असावे, येथे मात्र चढाईला आरंभ होतो तो जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून, आणि १,३४५ मीटरांपैकी फारच थोडे मीटर आपल्याला फुकटात मिळतात. दादांची हरकत निराळीच होती. पूर्वी हा पर्वत १,३४४ मीटर समजला जात असे आणि २०१६ साली फेरमोजणीत तो १,३४५ ठरला, हे कळल्यापासून ते अस्वस्थ होते. "फेरमोजणीत क्षेत्र वाढलं की शेजाऱ्याची चौकशी करावी," एवढेच ते बोलले.

वेळेचे अंदाजपत्रक पुतण्याने मांडले. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम घालून दिला आहे, की तीन मैलांस एक तास धरावा आणि प्रत्येक २,००० फूट चढास आणखी एक तास मिळवावा. त्या हिशेबाने आम्ही सुमारे चार तासांत शिखरावर पोहोचणार होतो. या नियमात दादांच्या बुटाच्या नाड्या, माझे निसर्गनिरीक्षण आणि मार्गात उपस्थित होणारे तात्त्विक वाद यांसाठी कोणतीच तरतूद नव्हती, हे पुढे निदर्शनास आले. १८९५ साली तर पायथ्याच्या फोर्ट विल्यम गावातील विल्यम स्वान नावाचा एक केशकर्तनकार हा डोंगर चढून-उतरून २ तास ४१ मिनिटांत गावात परत आला होता. हे ऐकून आत्या म्हणाली, "त्या दिवशी गिऱ्हाईकं नसतील बिचाऱ्याला."

सकाळी ग्लेन नेव्हिसच्या पुलावरून मोहीम निघाली ती शास्त्रोक्त क्रमाने: अग्रभागी दादा, त्यांच्यामागे मी, मग जावईबापू, पुतण्या, सूनबाई, दादांची कन्या, आणि सर्वांत शेवटी, जिथे ती आयुष्यभर असते तिथे, आत्या. पुतण्याची दहा वर्षांची कन्या मात्र कोणत्याच कलमात बसत नसल्याने कधी पुढे कधी मागे अशी हुंदडत होती. तिच्या गळ्यात होकायंत्र होते आणि खिशात एक वही. ही वही त्या वेळी कोणी मनावर घेतली नाही.

पहिल्या अर्ध्या तासात दादांनी मोहिमेचे नेतृत्व केले ते भाषणाच्या बळावर. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने बहुतेक साऱ्या जमिनीवरून जबाबदारीने चालत जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे, मग ती जमीन कोणाच्या का नावे असेना, ही माहिती जावईबापूंनी पुरवताच दादा मार्गातच थबकले. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ अन्वये शेतरस्त्याचे दावे निकाली काढण्यात ज्यांची हयात गेली, बांधावरच्या एका बैलगाडीच्या वाटेसाठी तीन-तीन पिढ्या भांडताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना सबंध देशच्या देश वहिवाटीसाठी मोकळा असल्याची कल्पना सोसवेना. "मग इथले तहसीलदार करतात काय?" असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट पाहण्याच्या मिषाने ते एका धोंड्यावर बसले.

ते बसले आणि सनदेचे पहिले कलम निकामी झाले. कारण वाट अरुंद, मागून येणारी मंडळी अनेक, आणि मिज नावाची तेथील चिलटे अशी, की स्थिर मनुष्य दिसला रे दिसला की ती त्याच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता झुंडीने चाल करून येतात. सबब दादांसाठी सर्वांनी थांबून राहणे हे मर्यादेला धरून असले तरी शक्य नव्हते. प्रथम सूनबाई संकोचाने पुढे सरकली. मग पुतण्या. मग, "दादा, तुम्ही या सावकाश," असे म्हणत, मीही. आणि आमच्या डाव्या अंगाने, पदर खोचून, पायांत पुतण्याने घेऊन दिलेले बूट घालून, श्वासाचा आवाजही न करता आत्या पुढे निघून गेली.

आत्या आळंदीहून पंढरपूरला पायी जाते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते; पण ठाऊक असणे वेगळे आणि त्याचा अर्थ लागणे वेगळे. वारीत चालणाऱ्या माणसाला धावण्याची घाई नसते व थांबण्याची चैन नसते, त्याची गती चढावर आणि सपाटीवर एकच असते, ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती, कारण आम्ही विचारले नव्हते. घरी ती पंगतीला वाढणार, सर्वांचे झाले की स्वयंपाकघरात एकटी जेवणार, आणि छायाचित्रात दुसऱ्या रांगेत कोणाच्या तरी फेट्याआड उभी राहणार. मधल्या सरोवराजवळ, ५७० मीटरांच्या सुमारास, आम्ही घामेजून पोहोचलो, तेव्हा ती नातीसह बसून थालीपिठाचा डबा उघडत होती. आणि तिचे स्वतःचे जेवण झालेले होते.

"आत्या, तू आमच्याआधी जेवलीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"भूक लागली रे," ती म्हणाली. आमच्या घराण्यात हे कारण यापूर्वी कोणी स्त्रीने दिल्याचे माझ्या स्मरणात नाही.

अन्नवाटपाचा अधिकार नातीने आपल्याकडे घेतला होता. पोहोचण्याच्या क्रमाने एकेक थालीपीठ, वर शेंगदाण्याची चटणी, आणि संत्र्याच्या साली परत पिशवीत. "आजोबा, साल टाकायची नाही, ती कुजायला फार वेळ लागते," असा हुकूम तिने ग्लासगोच्या हेलाच्या मराठीत मला फर्मावला आणि मी तो निमूटपणे पाळला. सर्वांत शेवटी जावईबापू आले. त्यांच्या पाठीवर त्यांचा स्वतःचा बोजा, छातीवर दादांची पिशवी, एका हाती चहाचा थर्मास आणि दुसऱ्या हाती खुद्द दादा होते. जावयाचे पाय धुण्याच्या परंपरेत वाढलेल्या आत्याला ते दृश्य पाहवेना. "अहो, जावयाला ओझं!" असे म्हणत ती उठली, पण जावईबापूंनी हसून मान हलवली आणि सासऱ्यांना प्रथम बसवून मग ते स्वतः टेकले. दादांच्या मुद्रेवर त्या वेळी जो भाव होता, तो मी त्यांच्या कन्येच्या विवाहातही पाहिला नव्हता. तेथे त्यांनी जावयाला मान दिला होता, येथे त्यांना जावई मिळाला.

सरोवरानंतर वाट नागमोडी होते, गवत संपते आणि दगडांचे राज्य सुरू होते. ही वाट १८८३ साली शिखरावरील वेधशाळेसाठी, तट्टांनी ये-जा करावी म्हणून बांधली. तत्पूर्वी क्लेमेंट रॅग नावाचा एक विक्षिप्त विद्वान दोन उन्हाळे दररोज हा डोंगर चढून हवामानाच्या नोंदी करी, आणि पुढे वेधशाळेत १९०४ पर्यंत, पैशाअभावी ती बंद पडेतो, रात्रंदिवस दर तासाला नोंद होत असे. दर तासाला नोंद! या वार्तेने दादांच्या पायांत जी शक्ती संचारली ती चहाने आली नव्हती. याच शिखरावर १८९४ च्या सप्टेंबरात चार्ल्स विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने ढगांवर पडलेली सूर्याची वलये पाहिली, ती प्रयोगशाळेत उत्पन्न करण्याच्या नादात मेघकोष्ठ नावाचे उपकरण निर्मिले आणि १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळवले. ढगांचे माहात्म्य आम्हीही अनुभवले. आम्हाला त्यांत दिसली ती सूनबाईने आपल्या डोक्याला गुंडाळलेली लाल शाल, आणि तिच्याच अनुरोधाने आम्ही शिखर गाठले.

शिखरावर वेधशाळेचे भग्न चौथरे, एक आपत्कालीन निवारा, एक युद्धस्मारक आणि चहूकडे निखळ धुके होते. पायथ्याच्या लोकांना मात्र हे स्थान निर्जन ठेवण्याची फार नावड असावी. १९११ साली हेन्री अलेक्झांडर नावाच्या गृहस्थाने फोर्ड मोटार येथवर आणली होती. २००६ साली स्वयंसेवकांनी दगडांची रास उपसली, तेव्हा तिच्याखाली एक वाद्य सापडले. सर्वांना तो पियानो वाटला, पण केनी कॅम्बेल नावाच्या लाकूडतोड्याने खुलासा केला, की तो ऑर्गन असून १९७१ साली धर्मादाय कार्यासाठी आपणच तो पाठीवरून वर आणला होता. आत्याने जावईबापूंकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "कुणाचा तरी जावई असणार."

छायाचित्राची वेळ आली. खुर्ची नव्हती. नेहमीचा क्रम लावण्याइतके त्राण कोणात नव्हते आणि धुक्यात दुसरी रांग दिसतही नव्हती. तेव्हा जो जेथे होता तेथे उभा राहिला, आणि आत्या, बहुधा जन्मात प्रथमच, बरोबर मध्यभागी आली.

उतरताना नातीने होकायंत्र हाती घेतले. त्या माथ्यावर धुके असले की वाट चुकणे प्राणावर बेतते, दोन्ही बाजूंना खोल घळी आहेत. म्हणून प्रथम २३१ अंशांवर दीडशे मीटर आणि मग २८२ अंशांवर, हा तेथील रूढ पाठ जावईबापूंनी तिच्याकडून घोकून घेतला होता. "मोठे आजोबा, माझ्या मागे. बोलायचं नाही, पावलं मोजायची आहेत," ती म्हणाली. ज्यांच्यासमोर तलाठी बोलत नसत, ते दादा तिच्यामागून मुकाट्याने पावले मोजत चालले.

रात्री पायथ्याच्या खाणावळीत, सपाट जमिनीचा स्पर्श होताच, जुनी सनद पुन्हा डोके वर काढू लागली. आत्या सवयीने वाढायला उठली. वाढणाऱ्या मुलीने तिला हसून खाली बसवले. टेबलाच्या अग्रस्थानी दादा विराजमान झाले. तेवढ्यात नातीने खिशातली वही काढून वाचायला सुरुवात केली: शिखरावर पोहोचण्याचा क्रम. एक, ती स्वतः. दोन, आत्याआजी. मग दादांची कन्या, सूनबाई, पुतण्या, मी आणि दादा. आठवे, जावईबापू. मुलीकडचे, मुलाकडचे, वय, नाते, कशाचाही उल्लेख नव्हता.

दादांनी चष्मा लावला, वही मागून घेतली आणि तोंडी हरकत नोंदवली: चढाई व उतराई यांचे गुण स्वतंत्र धरावेत, वयास सवलत असावी, आणि जावई शेवटचा आला तो स्वखुशीने आल्यामुळे ते स्थान रिकामे समजण्यात यावे. नातीने सर्व ऐकून घेतले. "निकाल शिखरावर लागलाय," ती म्हणाली, "तर अपीलही शिखरावरच चालेल. पुढच्या मन्रोवर."

"किती शिल्लक आहेत?" दादांनी विचारले.

"दोनशे एक्क्याऐंशी," जावईबापू म्हणाले.

आयुष्यभर पक्षकारांना पुढची तारीख देत आलेल्या दादांनी खिशातून रोजनिशी काढली, टोपण उघडून लेखणी सज्ज केली आणि त्या दहा वर्षांच्या मुलीला अदबीने विचारले, "तारीख कोणती धरू?"