सोडायला शिका

असे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमच्याकडे त्यांना नाना म्हणतात. निवृत्त, अर्धी विजार, नखांत माती, खिशात सिकेटर. बागकाम करणारा माणूस तसा निरुपद्रवी. पण बाग म्हणजेच जीवन, असं कुठल्याशा शिबिरात कुणीतरी नानांच्या डोक्यात भरवलं आणि तेव्हापासून ते गुलाब छाटत नाहीत, अहंकार छाटतात. पालुपद एकच: "सोडायला शिका."

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची गाडी कुणीतरी ठोकली. नाना म्हणाले, "वहिनी, पान वाऱ्यानं गळतं असं वाटतं ना? नाही. झाड स्वतःच देठाच्या बुडाशी एक थर तयार करतं आणि पानाला मोकळं करतं. सोडायला शिका." वहिनींना बंपरचे पैसे हवे होते.

माझी बढती हुकली तेव्हा ते द्राक्षं घेऊन आले. खायला नव्हे, दाखल्याला. नाशिककडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. "तुझी ही खरड छाटणी समज. गोडी पुढे आहे." पुढे ऑक्टोबरात आमच्या ऑफिसात पगारकपात झाली. नाना लिफ्टमध्ये भेटतील या धास्तीनं मी बरेच दिवस जिना वापरला.

एका तेराव्याला तर कमालच झाली. केळ एकदा व्याली की तिचं काम संपतं, खोड कापायचं, शेजारची पिल्लं वर येतात, हे त्यांनी गेलेल्या आजोबांच्या मुलाला खांद्यावर हात ठेवून समजावलं. पिल्लू बँकेत मॅनेजर होतं, आणि दोन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं.

आता स्वतः नाना काय सोडतात? गच्चीची किल्ली नाही. रंगाचे रिकामे डबे नाहीत, थर्माकोलची खोकी नाहीत, कुणीतरी काढून टाकलेला कमोडही नाही. (त्यात पुदिना आहे. त्यांच्याकडची चटणी आम्ही पथ्य सांगून टाळतो.) अनंताचं एक झाड वाळून काटकी झालं, तरी नखानं साल खरवडून म्हणायचे, "आत हिरवं आहे." मी पाहिलं, नव्हतं. जीवामृताचं दोनशे लिटरचं पिंप: दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. हे प्रमाण एका एकराचं. आमची गच्ची म्हणजे चार फ्लॅटांवरचं छप्पर. तो वास मात्र आम्ही सगळ्यांनी सोडून द्यायला शिकावं अशी त्यांची अपेक्षा.

ब्रह्मकमळ फुलायच्या रात्री अकराला अख्ख्या इमारतीच्या बेल वाजायच्या. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, हे निवडुंगाच्या कुळातलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण गाऊन घालून, पेंगत वर आलेल्या माणसांना ते कोण सांगणार? सकाळी फूल मान टाकतं, त्यातून काय शिकायचं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मग पुनर्विकास आला. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत पोडियमवर हिरवळ, तिच्यावर योगासनं करणारी गोरी बाई. नाना काही सही करत नाहीत, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी केली. वर कुंड्या दोन दिवसांत वाटूनही टाकल्या, कुठे नोंद नाही, सूचना नाही, प्रवचन तर नाहीच. मला अनंत मिळाला. हे मला बरं वाटलं नाही. नानांनी निदान कढीपत्त्यावरून तरी भांडायला हवं होतं.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पोत त्यांच्या कपाटाआधी पोती चढली. मातीची. हमाल शिव्या देत होता. ही माती कुणी बाहेरून आणलेली नव्हती. श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' वाचून नाना पेटले होते, आणि तेव्हापासून रसवंतीवरचं चिपाड, नारळाच्या शेंड्या, पाचोळा, आमच्या प्रत्येकाच्या घरची भाजीची देठं कुजवून त्यांनी ती गच्चीतच, सिमेंटवर, केली होती. झाडं काय, कुठेही येतात, म्हणाले. मी एक पोतं उचलू लागलो, तर हलक्या आवाजात म्हणाले, "जपून. तुझ्या आईचं निर्माल्य आहे यात. शेवटच्या आजारातही कुणाच्या ना कुणाच्या हाती वर पाठवायची."

मी पोतं जपून ठेवलं. काय बोलणार?

हल्ली ते भाड्याच्या घरात राहतात, बाल्कनी नसलेल्या. पोती कॉटखाली आहेत. घरमालकाला पुस्तकं म्हणून सांगितलंय. परवा काकूंचा फोन आला. पावसाला सुरुवात झाल्यापासून कॉटखालून गांडुळं बाहेर येतात, नाना पहाटे उठून ती वेचतात आणि पुन्हा पोत्यात ठेवतात. "यांना म्हटलं, निदान दोन पोती खालच्या झाडांना घाला. तर म्हणाले, बिल्डर पोडियमवर कुठली माती आणून ओततो, ते आधी बघू दे."