बारीक करणारं आमसूल

सोलकढी म्हणजे जेवणाचा शेवट, असा रत्नागिरीत येणाऱ्या पाहुण्यांचा समज असतो. खरं तर ती पुढच्या वाढपाची सोय असते. सुरमईची तुकडी झाली, कालवण-भात झाला, पोटाने हात वर केले, की वाटीभर सोलकढी घ्यायची. पोट पुन्हा कामावर रुजू होतं. आमसुलाचा हा गुण घरोघर ठाऊक आहे आणि आयुर्वेदालाही तो मान्य आहे. वृक्षाम्ल म्हणजे रुची आणणारं, अग्नी प्रदीप्त करणारं, अशीच त्याची ग्रंथांतली ओळख आहे. थोडक्यात, हे फळ माणसाला जेववतं. आणि आता याच कुळातल्या फळाचा अर्क ‘भूक कमी करा, वजन घटवा’ म्हणून कॅप्सूलमध्ये भरून विकला जातो, वर ‘भारताची प्राचीन परंपरा’ असा शिक्काही मारला जातो. परंपरा आपलीच आहे, फक्त उलटी धरली आहे.

ही उलटापालट कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. आपल्या रातांब्याच्या सालीत आणि केरळात माशाच्या कालवणाला लावतात त्या कुडमपुळीच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक नावाचं आम्ल असतं. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूल या कुडमपुळीच्या, म्हणजे ‘गार्सिनिया कंबोजिया’च्या. रातांबा हा ‘गार्सिनिया इंडिका’, त्याच घराण्यातला. 1960च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी हे आम्ल नीट ओळखलं आणि त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असं दिसून आलं, की साखर-पिठापासून शरीर चरबी बनवतं त्या कामातलं एक एन्झाइम हे आम्ल अडवून धरतं. उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर कमी खाऊ लागले, चरबीही कमी साठवू लागले. इथपर्यंत सगळं सचोटीचं शास्त्र होतं. पुढची उडी व्यापाराची होती, की उंदराला झालं ते माणसाला होणारच. पण उंदीर पिठाची चरबी करण्यात पटाईत असतो. नेहमीचं जेवण जेवणारा माणूस तसली नवी चरबी फार थोडी बनवतो. तो खाल्लेलं तेल-तूपच बाजूला टाकून ठेवतो. म्हणजे ज्या दाराने चोर सहसा येतच नाही, त्या दाराला हे कुलूप. शिवाय 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ नर उंदरांना हा अर्क मोठ्या मात्रेत दिला, तेव्हा त्यांची चरबी घटली आणि वृषणांनाही इजा झाली. जाहिरातीत उंदराची पहिली बातमी येते. दुसरी बातमी उंदराची खाजगी बाब समजून सोडून देतात.

माणसांवरची नेटकी चाचणी 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 135 जाड माणसं घेतली, त्यांना कमी उष्मांकांचा, भरपूर चोथ्याचा आहार लावून दिला आणि बारा आठवडे निम्म्यांना रोज 1500 मिलिग्रॅम हे आम्ल, तर निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. कोणाच्या पदरात काय पडलं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. खरी गोळी घेणाऱ्यांचं वजन सरासरी 3.2 किलोने उतरलं. पोकळ गोळी घेणाऱ्यांचं उतरलं 4.1 किलोने! संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरायचा नसतो, म्हणून पोकळ गोळी जिंकली असं म्हणता येत नाही. नाहीतर तीच बाटलीत भरून विकायला कुणी मागेपुढे पाहिलं नसतं. वजन उतरवलं ते आहाराने, आणि आहाराची कॅप्सूल निघत नाही ही त्याची मोठीच गैरसोय आहे.

‘एका चाचणीवरून काय ठरतं?’ हा आक्षेप रास्त आहे, म्हणून सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहू. 2011 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ते केलं. सगळ्यांची गोळाबेरीज 0.88 किलो भरली. त्यातल्या कसून केलेल्या तेवढ्याच चाचण्या घेतल्या, तर तेवढाही ठाम फायदा उरेना. पाऊण-एक किलो तर सकाळी आणि रात्री काट्यावर उभं राहिलं तरी इकडेतिकडे होतं. पण काट्याचं ऐकणार कोण? 2012 साली अमेरिकेतले टीव्हीवरचे डॉक्टर मेहमत ओझ यांनी आपल्या कार्यक्रमात या फळाचा उदोउदो केला आणि कुडमपुळीचं नशीब फळफळलं. 2014 साली सिनेटच्या एका उपसमितीने त्यांना समोर बसवून अशा चमत्कारी उपायांबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. शिक्षा म्हणावी तर 2025पासून ते तिथल्या सरकारी आरोग्यविमा योजनांचे प्रमुख आहेत. बोलणाऱ्याची माती विकली जात नाही, असं कोण म्हणतो?

आता दुसरी फळी पुढे येते. ‘बरं, फायदा नसेल तर नसो. नैसर्गिक आहे ना? आजीने जन्मभर आमसूल खाल्लं, तिला काय झालं?’ आजीला काहीच झालं नाही, कारण आजी चार आमसुलं आमटीत टाकत होती. सालीतून एकच आम्ल वेचून काढून, घट्ट करून, ते रोज तीन वेळा रिकाम्या पोटी महिनोन्‌महिने ती गिळत नव्हती. अन्नाच्या निर्धोकपणाचा दाखला अर्काच्या नावावर चढवता येत नाही. 2009च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘हायड्रॉक्सिकट’ या लोकप्रिय उत्पादनांविरुद्ध लोकांना सावध केलं. यकृताच्या गंभीर त्रासाच्या 23 तक्रारी आल्या होत्या, त्यांत एक मृत्यू होता, आणि उत्पादनं बाजारातून मागे घ्यावी लागली. त्यात गार्सिनियाबरोबर इतरही बरंच काही होतं, त्यामुळे एकट्या गार्सिनियाला फासावर चढवणं अन्यायाचं झालं असतं. पण 2022 साली, औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संशोधकांनी गार्सिनियाशी जोडलेले 22 रुग्ण मांडले. बहुतेकांच्या बाटलीत ग्रीन टीचा अर्कही होता, पण काहींच्या बाटलीत तो नव्हता. एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या माणसांना हा धोका अधिक दिसला. घेणाऱ्यांच्या मानाने 22 ही संख्या थोडीच आहे. मात्र तो जनुक आपल्याकडे आहे की नाही, हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.

वजनाचं झालं, आता बुद्धीचं. चीनहून जगभर गेलेल्या गिंको झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी विकला जातो. 75 वर्षांवरच्या 3069 अमेरिकन माणसांना सुमारे सहा वर्षं हा अर्क किंवा पोकळ गोळी देऊन 2008 साली निकाल जाहीर झाला. गिंकोवाल्यांत 277 जणांना स्मृतिभ्रंश झाला, पोकळवाल्यांत 246 जणांना. पुढे तिथल्याच सरकारी प्रयोगांत मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्या. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी गिंको सांभाळून घ्यावा, कारण रक्तस्रावाची धास्ती असते, हेही वैद्यकाला ठाऊक आहे. गंमत अशी, की स्मरणशक्तीची गोळी चालू आहे ही गोष्ट माणसं शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगायला हमखास विसरतात.

‘अ‍ॅलोपॅथीच्या औषधांना दुष्परिणाम नसतात का?’ असतात, ढीगभर असतात. पण त्यांची यादी खोक्यात घडी घालून ठेवलेली असते आणि बाजारात येण्यापूर्वी औषधाला आपला उपयोग सिद्ध करावा लागतो. पूरक आहाराने मात्र मधली जागा पटकावली आहे. उपयोग विचारला की तो औषधाच्या रुबाबात बोलतो आणि पुरावा मागितला की ‘मी तर साधं अन्न’ म्हणून अंग काढून घेतो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ते छापलेलं असतंही, भिंगातून दिसेल अशा अक्षरांत, सडपातळ बाईच्या चित्राखाली. औषध व जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा तर 1954चा आहे आणि ज्या व्याधी बऱ्या करण्याची जाहिरात त्याने मना केली, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. कायदा सत्तरी ओलांडून गेला, तेव्हा त्याला आता कमी दिसत असावं.

शेवटचा आक्षेप आपल्या अंगणातला आहे, म्हणून तो जड आहे. कोकणातला रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो, पाऊस लवकर लागला की साली वाळत नाहीत, फळ झाडाखाली कुजतं. अशा वेळी कुणी बारीक होण्याच्या नादात का होईना, कोकम विकत घेत असेल तर बागायतदाराच्या पोटावर पाय का आणावा? पण त्या कॅप्सुलीचा पैसा बहुतांशी कुडमपुळीच्या अर्काकडे जातो, आपल्या अंगणात येतोच असं नाही. शिवाय सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’, ‘कोकण हातिस’ अशा जाती दिल्या आहेत, आगळ आहे, कोकमाचं तेल आहे. एवढा माल चवीवर आणि गुणांवर खपण्यासारखा असताना त्याच्या गळ्यात वजनाची पाटी अडकवली, तर ती पाटी ज्या दिवशी खोटी ठरेल त्या दिवशी माल तिच्यासकट पडेल. अमृत कोकमाला तर ती पाटी मुळीच शोभत नाही. त्यात साखर किती घालतात ते घालणाऱ्याला विचारा.

तेव्हा मंडळी, सोलकढी प्या, आमटीत आमसूल घाला, उन्हातून आल्यावर सरबत घ्या. वजनाची गोळी चालूच असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका, शस्त्रक्रियेआधी तर नाहीच. आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गोळीने भूक मारली म्हणून खूश न होता ती त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. जाताना बाटली सोबत न्या.