या भाऊ, बसा!

जळगाव-धुळ्याकडे संगणक शिकलेल्यांच्या घोळक्यात हा एक असतोच, आणि डोकं खातो. जग व्हॉट्सॲपवर गेलं तरी हा काळ्या पडद्यावर इर्सी नावाचा प्रोग्रॅम उघडून आयआरसीवर बसतो. १९८८ साली फिनलंडमध्ये जन्मलेली ही गप्पांची सोय, तिच्यात हा गप्पा मारत नाही, हूक लावतो. हूक म्हणजे दाराला बांधलेली घंटा. कोणी आत शिरलं की सर्व्हर 'जॉइन' कळवतो आणि याची पर्लमधली स्क्रिप्ट लगेच म्हणते, "या भाऊ, बसा!" एवढ्यावरून त्याला माणूसघाणा ठरवतात. पण माणसं नको असलेला दार लावून घेतो. हा झोपतानाही स्वागताची सोय करून झोपतो. भरिताचा आग्रह करणाऱ्या मुलखातला माणूस यंत्राला दुसरं काय शिकवणार?

यंत्राच्या स्वागतात जीव कुठला, असा आक्षेप येतो. मग मांडवाच्या दारातले मामा तरी प्रत्येक पाहुण्याकडे बघून "या भाऊ, बसा" म्हणतात का? यंत्राला निदान धरबंध आहे. आयआरसीच्या १९९३ च्या नियमावलीनुसार, म्हणजे आरएफसी १४५९ नुसार, 'नोटिस' प्रकारच्या निरोपाला आपोआप उत्तर द्यायचं नाही, नाहीतर दोन स्क्रिप्टा एकमेकींना जन्मभर उत्तरं देत बसतील. आपल्याकडे निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यावर अर्धा तास धरून ठेवतात, त्यावर असा नियम अजून कोणी काढलेला नाही. शिवाय इथे एका ओळीला ५१२ बाइटांची मर्यादा, त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. आग्रह आवरताच घ्यावा लागतो. तरी घोटाळा होतोच. दोन सर्व्हरमधला तुटलेला दुवा जुळला की पलीकडचं अख्खं वऱ्हाड एकदम आत येतं, स्क्रिप्ट धडाधड "या भाऊ, बसा" सुरू करते, आणि हा कसला भडिमार म्हणून सर्व्हर यजमानालाच बाहेर काढतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आपण शिरलो तरी 'जॉइन' आपल्यालाही येतं, त्यामुळे नवशिक्याची स्क्रिप्ट स्वतःलाच बसवते. जाणता माणूस 'नाव माझंच असेल तर गप्प' अशी ओळ घालतो. यानेही घातली होती. हल्ली तिकडे फारसं कोणी फिरकत नाही, तेव्हा ती ओळ त्याने काढून टाकली. रात्री वीज जाते, येते, तो पुन्हा जोडला जातो, आणि रिकाम्या पडद्यावर उमटतं, "या भाऊ, बसा!"