न वाजणारी शिदोरी

शिकारीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं आता आमच्या अंजनगाव सुर्जीत फारशी उरली नाहीत. जी होती, त्यांच्या गोष्टींत वाघ अर्ध्या मिनिटात संपायचा आणि रोडगे तासभर चालायचे. "मंग काय, आला, दिसला, गेला," एवढ्यात वाघ आटोपायचा. पुढे मात्र गोवऱ्या कोणाच्या बंडीत होत्या, वांगी कोणाच्या वावरातली, तेलाची बरणी कोणी सांडवली आणि भाजी तिखटजाळ झाली म्हणून रात्री कोण रुसून बसलं, याचा तपशील इतका निघायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी मेळघाटात जेवायलाच गेली होती. बंदूक आपली सोबतीला.

माझी आता खात्रीच आहे की तसंच होतं. जंगलात चार दिवस काढायचे म्हटलं की वऱ्हाडी माणसाला वाघाचं भय वाटत नाही. अस्वलाचं थोडं वाटतं. खरं भय एकच: "कमी पडलं त?" हा प्रश्न घरातल्या सगळ्यांत अनुभवी बाईनं विचारायचा असतो आणि त्यावर कोणी उत्तर द्यायचं नसतं. पिठाच्या डब्यात आणखी दोन शेर पडतात, हेच त्याचं उत्तर. माणशी दिवसाला अर्धा किलो पीठ हा जुना अंदाज. तो धरला, तर चार माणसांच्या तीन दिवसांना सहा किलो पुरे. पण बंडीत दहा किलो चढायचं. वरचं चार किलो पीठ कोणासाठी, हे विचारणं म्हणजे घरातल्या माणसांच्या हाताला खोट दाखवणं. वाटेत कोणी भेटलं तर? बैलवाला आपल्या साळ्याला घेऊन आला तर? नाना एकटे दोघांचं जेवतात, ते विसरून कसं चालेल?

रोडगा ही या सगळ्या विचारातून निघालेली वस्तू असावी. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट मळायचं. लहान लहान पोळ्या लाटून, मधे तेल लावून एकावर एक ठेवायच्या, कडा वर घेऊन मुठीत दाबायच्या, की झाला गोळा. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा आणि धूर जाऊन लाल निखारा उरला की गोळे त्यात सोडायचे. तवा नको, कढई नको, चुलीला दगडसुद्धा नकोत. वरून राखेचा कोट, कुठे कुठे काळा डाग. फडक्यानं राख झटकून गोळा हातात घ्यायचा आणि बुक्की मारायची. तो फुटतो तेव्हा आतल्या पोळ्यांचे पदर सुटे होतात, वाफ निघते, आणि त्या वाफेत तूप ओतायला एक माणूस आधीच हात लांब करून बसलेला असतो. सोबत वांग्याची भाजी, तिच्यावर बोटभर तर्री. हे खाल्ल्यावर कोणी रात्रभर मचाणावर जागा राहिला असेल, यावर माझा विश्वास नाही. त्या काळी बरेच वाघ वाचले ते या भाजीमुळेच वाचले असणार.

पुढे वाघांची सोय कायद्यानं झाली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीचे परवाने इतिहासजमा झाले, आणि व्याघ्र प्रकल्पात देशातली जी पहिली नऊ जंगलं घेतली त्यांत आमचा मेळघाट होता. झालं ते उत्तमच झालं. बंदुका गेल्या, त्यांच्याबद्दल मला काडीचंही दुःख नाही. पण राखीव जंगलात आता काडीही पेटवता येत नाही, म्हणून रोडगे तिथून हलले. ते बहिरमच्या यात्रेला गेले. 20 डिसेंबरला यात्रा लागली की रोडगे आणि मातीच्या हंडीतलं मटण यांसाठी माणसं परतवाड्याच्या पलीकडे लोटतात. देवाला नवस असतोच, पण नवसाच्या मागे हंडी असते, हे देवालाही ठाऊक आहे.

जंगलात अन्न न्यायचं कसं, या प्रश्नाचा आमच्या गावाशी फार जुना संबंध आहे. इतिहासाच्या पुस्तकात सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून जी एक ओळ असते, तो तह दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात 30 डिसेंबर 1803 रोजी इथे झाला. त्याआधी महिनाभरात वऱ्हाडात आडगावची लढाई झाली होती आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला होता. शाळेत आम्हाला तोफा शिकवल्या. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की जिंकलेला सेनापती आर्थर वेलस्ली हा मुळात बैलांचा माणूस. त्याच्या पत्रांत शौर्य कमी आणि तांदूळ जास्त. बैल किती, त्यांतले धडधाकट किती, बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन कुठवर पोचले, याचीच चौकशी. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं गाविलगडाच्या उत्तरेला जायला डोंगरातून स्वतः रस्ता काढत माणसांच्या हातांनी तोफा ओढल्या. त्या चढावर इतक्या माणसांना रोज जेवायला घालणं हे तोफ ओढण्याइतकंच अवघड. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि 1815 साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. आमच्या गावातल्या कोणत्याही आजीला त्याचं फारसं कौतुक वाटलं नसतं. पोराला भूक लागायच्या आत डबा पोचला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. ते तर कोणालाही कळतं.

हल्ली डोंगरात जाणारी शहरी मुलं पाकिटं नेतात. पाणी काढून वाळवलेला पुलाव, त्यात गरम पाणी ओतायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि पाकिटावरच्या चित्राकडे बघत खायचं. हिशेब शास्त्रशुद्ध असतो: पीठ, डाळ, साखर यांच्या एका ग्रॅममधून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तेलातुपाच्या ग्रॅममधून सुमारे 9. पाठीवर वजन कमी हवं तर पाणी घरी ठेवा आणि स्निग्ध वाढवा. उत्तर ध्रुवाकडे आणि दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्यांनी सुकवलेलं मांस कुटून चरबीत घोळलं, ते याच न्यायानं. ठीक आहे. पण चैत्र-वैशाखात आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर एकदा चढून बघा. मुंगवड्या, सरगुंडे, कुरड्या, शेवया, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, सगळ्यातलं पाणी वऱ्हाडच्या उन्हानं फुकट काढून घेतलेलं. वजन नाही, नासायचं भय नाही. मूठभर मुंगवड्या, कांदा, तिखट-मीठ आणि तेल, की एका माणसाचं कालवण. गूळ-तुपाचा कणकेचा लाडू तर ध्रुवावरही चालला असता. फक्त पाकिटावर चित्र नाही, म्हणून पोरांचा विश्वास बसत नाही.

ताजं नेण्याचंही एक शास्त्र आहे आणि त्याचं मर्म एकच, पाणी. ज्वारीची भाकर पहिल्या दिवशी राणी, दुसऱ्या दिवशी पापुद्रा कडक, तिसऱ्या दिवशी फोडणीला. दशमी दुधात मळलेली म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ. ठेचा पाण्याचा हात न लावता तेलात परतला तर टिकतो. जवसाची चटणी कोरडी, तिचं काही बिघडत नाही. बटाट्याची भाजी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच, नंतर तिचा वास घेऊन एकमेकांकडे बघत बसायचं.

एवढं सगळं ज्ञान गाठीशी असताना आजच्या काळात माणसानं ते वापरायचं कुठे? तर बुद्धपौर्णिमेच्या मचाणावर. वाघांची अधिकृत मोजणी आता कॅमेऱ्यांच्या भरवशावर, 2006 पासून दर चार वर्षांनी होते. पण वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्याशेजारच्या मचाणावर रात्र काढायची वनविभागाची जुनी रीत 'निसर्गानुभव' या नावानं चालू आहे. दुपारी चढायचं, सकाळी उतरायचं. मधे खाली पाय टेकवायचा नाही. विस्तव नाही, अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, बोलणं नाही.

आणि इथे शिदोरीला एक नवीन अट लागते, जी आमच्या म्हाताऱ्यांनी कधी विचारात घेतली नव्हती. अन्न वाजता कामा नये.

घरी आपल्या लक्षात येत नाही की आपण किती मोठ्यानं जेवतो. रात्री साडेनवाला मेळघाट असा गप्प होतो की खाली सागाच्या वाळक्या पानावरून सरडा गेला तरी कोणी माणूस चालत आल्यासारखं वाटतं. अशा वेळी शेजारच्यानं चिवड्याचं पाकीट काढलं. आधी त्या पाकिटाचा चुरचुराट. मग ते फाडण्याचा आवाज, त्यानं हळूहळू फाडलं म्हणून तिप्पट लांबलेला. मग दाढेखाली मुरमुरा. पाणवठ्यावर वाकलेल्या सांबरानं मान वर केली, कान आमच्याकडे वळवले आणि पाय आपटून एकच 'ढाँक्' केलं. शेजाऱ्याचा घास तोंडातच राहिला. तो गिळताही येईना आणि थुंकताही येईना. सांबर गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं तो घास लाळेत भिजवून गिळला, आणि मला कानात म्हणाला, "मऊ चिवडा आणाले पायजे होता."

तेव्हापासून मी प्रत्येक पदार्थाकडे आवाजाच्या दृष्टीनं बघतो. पापड बाद. काकडी बाद. शेंगा तर फटाकेच. फुटाणे चघळले तर चालतात, पण फुटाणा चघळण्याइतका संयम असता तर माणूस संन्यासी झाला असता. लाडू चालेल असं वाटतं, पण डिंक घातला असेल तर तो ऐन वेळी दगा देतो. केळं हे सगळ्यांत सभ्य फळ. आमच्या भागात त्याच्या बागाही भरपूर. मात्र माकडांना ते आपल्या आधी दिसतं. दशमी पूर्ण नि:शब्द. तिच्यात ठेचा पसरून गुंडाळी करावी आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधावी. हे फडकं वाजत नाही. स्टीलचा डबा मात्र उघडताना अशी टण्ण आरोळी देतो की पलीकडच्या मचाणावरचा वनरक्षक वहीत काहीतरी नोंदवून ठेवतो.

पाण्याचंही तसंच. वैशाखातली दुपार, माणशी चार-पाच लिटर तर हवंच. पण संध्याकाळी ताकाचा तांब्या रिकामा करण्याआधी रात्रभर खाली उतरता येणार नाही, हे आठवावं. याविषयी अधिक लिहीत नाही; बसलेल्यांना कळेल.

पानाचं काय, हा प्रश्न अंजनगावकराला विचारावाच लागत नाही. पानमळे आमचेच. पानं ओल्या फडक्यात जातात, सुपारी मात्र घरूनच कातरून न्यावी लागते, कारण अडकित्त्याचा आवाज बिबट्याला पसंत नाही. तंबाखूवाल्यांची पंचाईत होते, मचाणावरून पिंक टाकायला मनाई. आणि खरा शत्रू खोकला. इतका वेळ शांत असलेला घसा पाणवठ्यावर अस्वल आलं की नेमका खाजतो. त्यावर आमच्या गावचं औषध आहे. आमच्याकडच्या बारी समाजाच्या मळ्यांत पिकणारी पानपिंपळी औषधांच्या बाजारात दूरवर जाते. तिची पूड मधात कालवून छोट्या डबीत न्यावी आणि घसा खवखवला की बोटभर चाटावी. आवाज नाही, वास नाही. एवढी सोय दुसऱ्या कोणत्या गावाच्या पिकात आहे, ते मला ठाऊक नाही.

हे सगळं नखरेलपण एका रात्रीपुरतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं. मेळघाट हे नाव 1993 सालापासून वर्तमानपत्रात येतं ते कुपोषणासाठी. त्याच घाटातून आपण लाडवांचे डबे घेऊन चढतो, तेव्हा सेमाडोहच्या पुढे रस्त्याकडेला उभ्या कोरकू पोरांकडे बघताना "कमी पडलं त?" हा प्रश्न घशाशी जरा अडखळतो.

आणि ज्यांना तिथे एका रात्रीऐवजी कित्येक दिवस राहायचं असतं, त्यांची शिदोरी वेगळीच. जंगलाच्या पोटात संरक्षण कुट्या आहेत. तिथे वनरक्षक आणि वनमजूर मुक्काम करतात, रोज पायी गस्त घालतात. त्यांचा शिधा म्हणजे तांदूळ, तूर डाळ, बटाटे, कांदे, तेल, तिखट, मीठ. बटाटा आणि कांदा एवढ्याचसाठी की दोघे टिकतात. पावसाळ्यात सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्या फुगल्या की वाटा बंद होतात, म्हणून जे काही न्यायचं ते आधी न्यायचं. चव बदलायची तर डाळीत बटाटा घालायचा, किंवा बटाट्यात डाळ.

माझ्या मचाणावर सोबतीला असाच एक वनमजूर होता. त्यानं फडक्यातून भाकर आणि मिरची काढली आणि आमची पिशवी उघडताना बघून हळूच विचारलं, "भाऊ, एवढं कोन खाईन?"

म्हणून या वैशाखात कोणी जाणार असाल तर पाणी सढळ न्या, चिवडा घरी ठेवा, पिशवीतलं प्लास्टिक परत आणा. दोन माणसांना सहा दशम्या पुरतात. आठ बांधा आणि वरच्या दोन मचाणावर चढल्या चढल्या सोबतच्या वनमजुराला द्या. उरल्या तर देऊ म्हणाल, तर उरणार नाहीत.